कुत्र्याच्या पिल्लाचे दुधाचे दात पडताना: चौथ्या ते सातव्या महिन्यातली निगा

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी सासूबाईंच्या तंबोऱ्याच्या गवसणीला खालच्या बाजूस एक ओलसर भोक पडलेले दिसले आणि त्या भोकाच्या कडेला उसवलेल्या धाग्यांत तांदळाच्या दाण्याएवढा एक दात अडकलेला सापडला. तंबोरा मिरजेचा, सासूबाईंच्या माहेरून आलेला, त्यामुळे घरात आता काय होणार याची मला धास्ती वाटली, पण त्यांनी तो दात तळहातावर घेऊन उलटून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, दात पडायला लागलेत त्याचे. ओरडू नकोस त्याला." दाताला मूळ असे नव्हतेच, खालच्या बाजूने तो पोकळ होता आणि कडेला रक्ताची जेमतेम एक रेघ होती. मोती तेव्हा चार महिन्यांचा होता. जतकडच्या एका वस्तीवरून आणलेले हे लांब तोंडाचे, गावठी वळणाचे पिल्लू आमच्या घरातले दुसरे. पहिल्या पिल्लाच्या वेळी मी केलेल्या एका दुर्लक्षाची किंमत त्या पिल्लाला मोजावी लागली होती, म्हणून या वेळी दात बदलण्याचे तीन-चार महिने मी पुष्कळ सावधपणे काढले. त्या काळात काय करावे आणि काय टाळावे, ते येथे सविस्तर लिहिते.

पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या तोंडात एकही दात नसतो. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात फुटू लागतात आणि साधारण आठव्या आठवड्यापर्यंत ते सगळे, म्हणजे 28 दात, तोंडात दिसतात: पुढचे छोटे 12, सुळे 4 आणि सुळ्यांच्या मागचे दात, म्हणजे उपदाढा, 12. दुधाच्या दाढा नसतातच. पक्के दात 42 असतात, त्यांपैकी वरच्या जबड्यात 20 आणि खालच्या जबड्यात 22. पुढचे दात तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात बदलतात, सुळे आणि उपदाढा बहुधा चौथा महिना संपल्यावर ते सहाव्या महिन्यापर्यंत, आणि मागच्या दाढा, ज्यांच्या आधी दुधाचे काही नव्हतेच, त्या पाचव्या ते सातव्या महिन्यात थेट हिरडी फोडून वर येतात. खालून येणाऱ्या पक्क्या दाताच्या दाबाने दुधाच्या दाताचे मूळ विरघळत जाते आणि आधार सुटलेला वरचा भाग गळून पडतो. गवसणीत सापडलेल्या दाताला मूळ नव्हते ते याच कारणाने. या हिशेबाचा आणखी एक व्यावहारिक उपयोग आहे. पिल्लू विकत घेताना विक्रेता "दोन महिन्यांचे आहे" असे सांगत असेल आणि पुढचे वरचे दात मोठे, रुंद, पक्के आलेले दिसत असतील, तर वय कमी सांगितले जात आहे हे ओळखावे.

बहुतेक दात आपल्याला सापडणार नाहीत. पिल्लू ते खाण्याबरोबर गिळून टाकते आणि त्याने काही अपाय होत नाही. आपल्याला दिसतात त्या खुणा वेगळ्या: खेळण्यावर किंवा पाण्याच्या भांड्याच्या काठावर गुलाबी डाग, नेहमीपेक्षा जास्त लाळ, तोंडाला किंचित लोखंडासारखा वास, हिरडीवर लालसर फुगवटा, आणि एका बाजूनेच चावण्याची धडपड. एखाद्या दिवशी कडक खाणे तोंडात घेऊन पिल्लू ते खाली टाकते आणि पुन्हा आपल्याकडे पाहते. अल्सेशियनसारख्या जातींत याच सुमारास उभे राहिलेले कान काही दिवस पुन्हा पडतात आणि मालक घाबरतात. दात बदलून झाल्यावर ते बहुतेक वेळा पुन्हा उभे राहतात, म्हणून लगेच कानांना चिकटपट्ट्या लावण्याची घाई करू नये.

मात्र या वयात होणारा प्रत्येक त्रास दातांच्या खात्यावर टाकण्याची सवय धोक्याची आहे. माणसाच्या बाळाला दात येताना जुलाब होतात असे आपल्याकडे म्हणण्याची पद्धत आहे आणि तेच गणित लोक पिल्लालाही लावतात. दात बदलताना पिल्लाला खरा ताप येत नाही आणि रक्ताचे जुलाब तर कधीच होत नाहीत. कुत्र्याचे नेहमीचे तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्या मानाने ते आधीच गरम लागते. त्यामुळे हात लावून अंदाज करण्यापेक्षा गुदद्वारात थर्मामीटर ठेवून मोजावे. पिल्लू सुस्त पडले, उलट्या सुरू झाल्या, पातळ आणि घाण वासाचे शौच होऊ लागले, तर ते पार्व्हो असू शकते. हा आजार नेमका याच वयाच्या, लसीकरण अपुरे राहिलेल्या पिल्लांना गाठतो आणि त्यात एक दिवस वाट पाहणेही महागात पडते. एखाद-दुसरे जेवण अर्धे टाकणे समजण्यासारखे आहे. पूर्ण दिवस काहीच न खाणे नाही.

तोंड कसे पाहावे

या सगळ्या काळात मालकाने करण्याचे सर्वांत महत्त्वाचे काम कोणते असे कोणी विचारले, तर मी खेळण्यांचे किंवा खाण्याचे नाव घेणार नाही. आठवड्यातून एकदा पिल्लाचे तोंड नीट पाहणे, हे ते काम आहे. त्यासाठी जबडा फाकवण्याची गरज नाही. पिल्लू दमलेले, झोपाळलेले असताना त्याला मांडीला टेकवून बसवावे, एका हाताने हनुवटीखाली हलका आधार द्यावा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वरचा ओठ बाजूने उचलावा. जबडे मिटलेले असतानाच पुढचे दात, सुळे आणि बाजूच्या उपदाढा दिसतात. मग दुसरी बाजू पाहावी. शेवटी क्षणभर तोंड उघडून टाळू आणि मागच्या दाढांची जागा पाहावी आणि लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यावा. हे सारे अर्ध्या मिनिटात उरकले पाहिजे. मोती पहिल्या दोन रविवारी गोगलगाईसारखा अंग चोरून बसला. तिसऱ्या रविवारी अंड्याचा वास येताच स्वतःच मांडीवर डोके ठेवून पडला. प्रत्येक वेळी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण मागच्या आठवड्यात दात किती बाहेर आला होता हे आपल्या लक्षात राहत नाही आणि डॉक्टरांना तेच पाहायचे असते.

पाहायचे काय, तर मुख्यतः एकच गोष्ट: एकाच जागी एकाच प्रकारचे दोन दात शेजारी शेजारी उभे आहेत का. दुधाचा सुळा बारीक, टोकदार, सुईसारखा असतो. पक्का सुळा जाड आणि शुभ्र असतो. वरचा पक्का सुळा दुधाच्या सुळ्याच्या पुढच्या बाजूने येतो आणि खालचा पक्का सुळा आतल्या, म्हणजे जिभेच्या बाजूने येतो. काही दिवस दोन्ही बरोबर दिसले तर घाबरू नये, पण पक्का सुळा चांगला वर येऊनही दुधाचा सुळा हलत नसेल, तर तो आपणहून पडेल या भरवशावर राहू नये. तोंड मिटल्यावर खालचा सुळा वरच्या सुळ्याच्या पुढे असलेल्या फटीत, ओठाच्या बाजूला बसला पाहिजे. तो टाळूकडे शिरत असेल, तर काम तातडीचे आहे.

हे मला माहीत नव्हते. आमची पहिली कुत्री चंपी पांढरी स्पिट्झ होती आणि पॉमेरेनियन, स्पिट्झ यांसारख्या लहान जातींत दुधाचे सुळे अडून राहण्याचे प्रमाण बरेच असते, हेही तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते. खरे म्हणजे मी कोणाला विचारलेच नव्हते. तिच्या केसाळ तोंडात मी सहसा डोकावत नसे. आठ महिन्यांची झाल्यावर ती पोळीचा तुकडा तोंडात घेऊन कण्हू लागली, तेव्हा टॉर्च लावून पाहिले. खालच्या बाजूला दुधाचे दोन्ही सुळे जसेच्या तसे उभे होते, त्यांच्यामुळे पक्के सुळे आत ढकलले गेले होते आणि त्यांची टोके टाळूत रुतून तेथे शेंगदाणा बसेल एवढे दोन खड्डे पडले होते. एका खड्ड्यात अन्न कुजत होते. दुधाचे सुळे काढावे लागलेच, शिवाय पक्क्या सुळ्यांची टोके कमी करून वर भरण घालण्यासाठी पुण्याला तीन खेपा झाल्या. पाचव्या-सहाव्या महिन्यात दुधाचे सुळे काढले असते तर पक्के सुळे बहुधा आपापल्या जागी सरकले असते, कारण त्या वयात दात अजून वर येत असतो आणि त्याला वाट मिळाली की तो ती घेतो.

अडकलेला दात घरी उपटण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. दोऱ्याने बांधून ओढणे, पक्कड लावणे, दोरीच्या खेळात मुद्दाम हिसका देणे, हे सगळे प्रकार मी ऐकलेले आहेत. दुधाच्या सुळ्याचे मूळ दिसणाऱ्या दातापेक्षा लांब आणि नाजूक असते. ते मध्येच मोडले तर आतला तुकडा तसाच राहतो, पू धरतो आणि शेजारच्या पक्क्या दाताच्या मुळाला इजा होते. डॉक्टर हे काम पूर्ण भूल देऊन, शक्य तेथे एक्स-रे काढून करतात. पुष्कळदा मादीची नसबंदी सहाव्या महिन्याच्या सुमारास ठरलेली असते आणि त्याच भुलीत दातही काढता येतात, त्यामुळे खर्च वाचतो. परंतु सुळा टाळूला टेकत असेल तर नसबंदीच्या तारखेची वाट पाहत बसू नये. दुधाचा दात खेळताना मोडला आणि आतला गुलाबी किंवा काळा ठिपका दिसू लागला, तरीही "नाहीतरी पडणारच आहे" असे म्हणून सोडू नये, कारण त्या ठिपक्यातून जंतू खाली उतरतात आणि खाली पक्का दात तयार होत असतो.

डॉक्टरांकडे जाण्यासाठी वेगळी खेप घालण्याची गरज बहुधा पडत नाही. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांना असते आणि इतर लसींचा शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आसपास असतो, म्हणजे दात बदलण्याच्या काळात आपण दवाखान्यात जाणारच असतो. त्या वेळी "तोंडही बघा" एवढे आठवणीने म्हणावे. सांगली-साताऱ्याकडच्या जनावरांच्या दवाखान्यांत गाई-म्हशींची रांग मोठी असते आणि पिल्लाचे तोंड आपण सांगितल्याशिवाय कोणी उघडून पाहील, अशी अपेक्षा धरणे व्यवहारी नाही. दातांचे गुंतागुंतीचे काम असेल तर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुढे पुणे आहे. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जावे.

चघळायला काय द्यावे

या वयात पिल्लू चघळणारच. हिरडीवर दाब आला की त्याला बरे वाटते, म्हणून ते लाकूड, चप्पल, पायजम्याची नाडी, चार्जरची वायर, जे मिळेल ते तोंडात घालते. त्याला अडवण्यापेक्षा योग्य वस्तू हाताशी ठेवणे सोपे पडते.

आमच्याकडे सर्वांत उपयोगी ठरलेली वस्तू फुकटची होती: जुना, जाड सुती पंचा. त्याची हातभर रुंदीची पट्टी काढून पाण्यात भिजवावी, दोघांनी दोन टोके धरून तिला घट्ट पीळ द्यावा, मध्ये एक आणि टोकांना एकेक गाठ मारावी आणि ती ताटलीत ठेवून फ्रीझरमध्ये तीन-चार तास ठेवावी. पाण्याऐवजी मीठ, कांदा, लसूण न घातलेल्या चिकनच्या पाण्यात भिजवली तर पिल्लाला ती सोडवत नाही. बाहेर काढल्यावर दोन मिनिटे थांबावे, म्हणजे ती जिभेला चिकटत नाही. गारव्याने हिरडी बधिर होते आणि कापडाचा खरखरीतपणा सैल दाताला हलकेच हलवतो. मोती पुढच्या दोन पंजांत ती गाठ धरून डोळे मिटून एका लयीत चावत बसे; दहा मिनिटांनी कापड मऊ पडे, त्यावर दोन-तीन गुलाबी ठिपके उमटलेले असत, आणि तो तेथेच झोपी जाई. कापड मऊ पडले की लगेच काढून घ्यावे आणि धागे सुटू लागले की ते टाकून द्यावे. अशा तीन गाठी आलटून पालटून फ्रीझरमध्ये ठेवल्या की पुरतात. मार्च ते मे या आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर दुपारची वेळ यावरच निभते.

गार केलेले जाड गाजर किंवा काकडीचा मोठा तुकडा आपण समोर बसून द्यावा आणि गिळता येईल एवढा लहान झाला की काढून घ्यावा. रबराचे खेळणे घ्यायचे असेल तर दोन परीक्षा कराव्यात: अंगठ्याचे नख दाबले असता त्यावर खूण उमटली पाहिजे, आणि ते आपल्या गुडघ्याच्या वाटीवर आपटल्यास लागेल असे वाटत असेल तर ते पिल्लाच्या दातांसाठी फार कठीण आहे असे समजावे. या परीक्षेत बाजारात मिळणारी शिंगे, वाळवलेले खूर आणि बहुतेक हाडे नापास होतात. मटणाच्या दुकानातून नळीचे हाड आणून पिल्लापुढे टाकण्याची आपल्याकडे हौस फार आहे. शिजवलेले हाड फुटून त्याच्या काचेसारख्या चिरा होतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात. कच्च्या हाडाने दात मोडतात. नव्याने आलेल्या पक्क्या दाताची भिंत अजून पातळ असते आणि आतली पोकळी मोठी असते, त्यामुळे सहाव्या-सातव्या महिन्यात तो मजबूत दिसला तरी तेवढा मजबूत नसतो. बर्फाचे घट्ट खडेही याच कारणासाठी देऊ नयेत.

आपल्या भागातले धोके

ऊस गाळपाच्या दिवसांत रसवंतीबाहेर चिपाडांचे ढीग पडलेले असतात आणि फिरायला नेलेले पिल्लू त्यावर तुटून पडते, कारण गोड, ओले, चघळण्याजोगे असे त्याला हवे ते सगळे त्यात असते. चिपाडाचे तंतू पोटात जाऊन गोळा होतो आणि आतडे तुंबू शकते. उसाच्या सालीच्या कडा हिरडीला कापतात. दाणे खाऊन टाकलेले मक्याचे कणीस आणि आंब्याची कोय यांचेही तेच. पोत्याची सुतळी हा आणखी वाईट प्रकार. तिचे एक टोक जिभेखाली अडकते आणि दुसरे आतड्यात उतरते. तोंडातून किंवा गुदद्वारातून सुतळी लोंबताना दिसली तर ती ओढू नये, तशीच ठेवून दवाखाना गाठावा, कारण ओढताना ती आतून आतड्याला करवतीसारखी कापत जाते.

पण सांगलीकराने सर्वांत जास्त भ्यावे ते बेदाण्याला. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरजेचा पूर्व भाग येथे जानेवारीपासून द्राक्षे उतरू लागतात, शेडवर बेदाणा वाळत पडतो, आणि ज्यांची बाग नाही त्यांच्याही घरी कोणा पाहुण्याने दिलेली पिशवी कोनाड्यात असतेच. द्राक्षे आणि बेदाणे यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे एकाएकी निकामी होऊ शकतात. किती खाल्ले म्हणजे धोका, हे ठरवता येत नाही. एक कुत्रा मूठभर पचवतो आणि दुसरा थोड्याशा बेदाण्यांनी आजारी पडतो. बेदाण्यात पाणी कमी असल्याने तेवढ्याच वजनात द्राक्षांहून विष जास्त असते. 2021 पासून पशुवैद्यक यामागे टार्टरिक आम्ल असावे असे मानू लागले आहेत, आणि तेच आम्ल चिंचेतही भरपूर असते, म्हणून झाडाखाली पडलेल्या चिंचाही पिल्लाला चघळू देऊ नयेत. खाल्ल्यावर काही तासांत ते दिवसभरात उलट्या होतात, नंतर पिल्लू मलूल होते आणि पुढच्या एक-दोन दिवसांत लघवी कमी होत जाते. पण लक्षणे दिसेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. खाल्लेले दिसताच डॉक्टरांकडे न्यावे, कारण पहिल्या काही तासांत उलटी करवून ते बाहेर काढता येते. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न मात्र करू नये. त्या मिठानेच पिल्लाचा जीव जाऊ शकतो. शिरा, बेसनाचे लाडू, दिवाळीचा चिवडा यांतला बेदाणाही बेदाणाच असतो, हे घरातल्या आजी-आजोबांना एकदा शांतपणे सांगून ठेवावे. प्रेमाने भरवणारे हात बहुधा तेच असतात.

भडंगात लसूण असतो आणि लसूण-कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो, म्हणून भडंगाचा कागदही त्याला चाटायला देऊ नये. बागायतदारांच्या घरी फवारणीचे रिकामे डबे, हातमोजे आणि पाइप पिल्लाच्या तोंडाला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवावेत. वायरी भिंतीवर घ्याव्यात किंवा पाइपातून न्याव्यात. जुनी चप्पल खेळायला देऊ नये, कारण जुनी आणि नवी यांतला फरक पिल्लाला कळत नाही आणि पुढे लग्नघरात दाराबाहेरच्या चपलांचा हिशेब आपल्यालाच द्यावा लागतो.

खाणे

तोंड दुखत असेल त्या दिवसांत तयार खाणे कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवून द्यावे. घरचे खाणे देणाऱ्यांनी मऊ भात, हाडे काढलेले चिकन, उकडलेले अंडे, शिजवलेला भोपळा असे कालवून द्यावे, मीठ-तिखट नको. दूध-भाकरीवर पिल्लू वाढवण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे, आणि तिच्यावर पुष्कळ कुत्री जगलीही आहेत, पण वाढीच्या वयात तेवढ्यावर प्रथिने आणि क्षार पुरत नाहीत, शिवाय दुधाने अनेक पिल्लांना जुलाब होतात. दात मजबूत व्हावेत म्हणून कॅल्शियमचे औषध सुरू करण्याचा सल्ला शेजारीपाजारी हमखास देतात. पिल्लांच्या समतोल तयार खाण्यात ते पुरेसे असते, आणि मोठ्या जातीच्या पिल्लाचे शरीर जादा कॅल्शियम अडवू शकत नसल्याने हाडे आणि सांधे वेडेवाकडे वाढू शकतात. डॉक्टरांनी आहार पाहून सांगितले तरच ते द्यावे.

हिरडीला हळद लावावी का, असे मला सांगलीत हटकून विचारले जाते. हळदीची पेठ असलेल्या गावात ते साहजिकही आहे. थोड्याशा हळदीने पिल्लाला काही होत नाही, पण हिरडी पिवळी झाली की तिचा लालसरपणा दिसेनासा होतो आणि आपल्याला नेमका तोच पाहायचा असतो, म्हणून मी लावत नाही. लवंगेचे तेल आणि माणसाच्या बाळांच्या हिरड्यांना लावायचे जेल यांचा वापर करू नये. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांपैकी काहीही घरच्या डब्यातून काढून देऊ नये. यांनी कुत्र्याचे यकृत, जठर आणि मूत्रपिंडे बिघडतात.

हाताला चावते तेव्हा

पिल्लू हात-पाय धरते ते रागाने नव्हे, पण म्हणून ते चालू द्यावे असे नाही. दात लागताच खेळ थांबवावा, हात सैल सोडावा, बोलणे बंद करून अर्धा मिनिट पाठ फिरवून उभे राहावे आणि मग पंच्याची गाठ पुढे करावी. हात झटकला तर पिल्लाला तो खेळच वाटतो. तोंडावर मारणे तर अगदीच चुकीचे. ज्या जागी आधीच दुखते आहे तेथे मार बसला की पिल्लू हाताला भिऊ लागते आणि नंतर दात दाखवायला तोंड उघडू देत नाही. संध्याकाळी सातच्या सुमारास पिल्लू फारच चावरे झाले, तर ते बहुधा दमलेले असते. या वयात त्याला दिवसाकाठी सोळा ते अठरा तास झोप लागते आणि मुले शाळेतून आल्यावर ती झोप मोडते. अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात नेऊन ठेवले की दहा मिनिटांत ते झोपते. दोरीची रस्सीखेच या महिन्यांत अगदी हलक्या हाताने खेळावी किंवा खेळूच नये.

दुधाच्या दाताने चामडी फुटली, तरी ती जखम किरकोळ समजू नये, विशेषतः पिल्लू रस्त्यावरून आणलेले असेल आणि त्याचे लसीकरण व्हायचे असेल तर. रेबीज लहान पिल्लालाही असू शकतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर तिखट, चुना, हळद असे काहीही न लावता त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांना दाखवावे आणि लस घ्यायची की नाही हे त्यांना ठरवू द्यावे.

हिरड्या दुखत असेपर्यंत ब्रश वापरू नये. ओले बोट ओठाखालून दातांवर फिरवण्याची सवय तेवढी ठेवावी. सातव्या महिन्यानंतर बोटाची जागा मऊ ब्रश घेऊ शकतो, मात्र पेस्ट कुत्र्यांसाठीचीच असावी, कारण कुत्रा पेस्ट थुंकत नाही, गिळतो. त्याच सुमारास एकदा शांतपणे सगळे दात मोजावेत. 42 भरले नाहीत तर कोणता कमी आहे ते पाहावे. पुष्कळदा सुळ्यामागची पहिली छोटी उपदाढ दिसत नाही. ती मुळातच नसेल तर चिंता नाही, पण हिरडीखाली अडकून राहिली असेल तर तिच्याभोवती पाण्याची पिशवी धरून जबड्याचे हाड पोखरले जाते, आणि पग, बॉक्सर, शित्झू अशा आखूड तोंडाच्या जातींत हे विशेष आढळते. ती आहे की नाही हे एक्स-रेवरच कळते. मोतीचे मोजताना आम्हाला तीन वेळा 41 भरले. चौथ्या वेळी सासूबाईंनी चष्मा लावून खालच्या जबड्याच्या अगदी मागे, गालाच्या घडीत लपलेली हरभऱ्याच्या डाळीएवढी शेवटची दाढ दाखवली.